बर्फातली रॅली एकदाच बघायची असेल, तर मॉन्टे कार्लो की स्वीडन?

मोटारींची रॅली बघायला जानेवारीत मॉन्टे कार्लोला जावं की फेब्रुवारीत स्वीडनला, असं गेल्या महिन्याभरात दोन मित्रांनी विचारलं. सुट्टी आणि पैसा दोन्ही एकदाच जमणार, म्हणून हा प्रश्न. लागोपाठच्या दोन वर्षांत मी दोन्ही रॅली रस्त्याकडेला उभं राहून पाहिल्या. त्यावरून जे वाटतं ते सांगतो. तुम्हाला वेगळं वाटू शकेल.

नावाचं वजन मॉन्टेचं, यात वाद नाही. १९११ पासूनची रॅली. फ्रान्सचा नामवंत रॅली ड्रायव्हर सेबास्तियाँ लोब २०२२ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी तिथे जिंकला, आणि त्याच तोलाचा सेबास्तियाँ ओजिए तर ही रॅली होते त्या फ्रेंच आल्प्सच्या डोंगरातल्या गाप गावचा. आपण टीव्हीवर पाहत आलो तो तुरिनीचा घाट, १,६०७ मीटर उंचीवरचा, तोही इथलाच. खरा खेळ मात्र टायरचा. पायथ्याशी कोरडं डांबर, मधल्या सावलीच्या वळणांवर काचेसारखा बर्फ आणि माथ्यावर कदाचित पांढरं सगळं. खिळ्यांचे टायर घेतले तर खाली वेळ जातो, डांबराचे घेतले तर वर गाडी हातात राहत नाही. म्हणून स्पर्धक निघण्याआधी त्यांची माणसं रस्त्यावरून फिरून कुठे किती बर्फ आहे ते टिपून आणतात. हे सगळं विलक्षण आहे, पण ते कळतं पडद्यावर, वेळा बघताना. वळणावर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला त्यातला एक तुकडा येतो. माझ्या वाट्याला आला तो ओल्या डांबराचा. बर्फ होता तो फक्त कडेच्या गवतावर.

तेही चाललं असतं. मला नकोसं झालं ते परत उतरणं. स्टेज म्हणजे एकेक गाडी वेळ लावून सोडतात तो रस्त्याचा टप्पा. हा रस्ता काही तास आधीच बंद होतो, म्हणून आम्ही पहाटे अंधारात वर गेलो आणि मिळाली त्या जागी, दोन चाकं चरात घालून गाडी लावली. पहिल्या दहा गाड्या अर्ध्या तासात गेल्या. पण शेवटची गाडी जाऊन रस्ता खुला होईपर्यंत हलता येत नाही, आणि खुला झाला की अख्खा डोंगर एकदम खाली निघतो. रविवारी संध्याकाळी सिंहगडावरून उतरला असाल तर चित्र डोळ्यांपुढे येईल. फक्त इथे थंडीही आहे आणि रस्ता त्याहून अरुंद. जेमतेम वीस किलोमीटरला आम्हाला तीन तास लागले. बायकोचे बूट ओले होते, थर्मासमधला चहा संपलेला, आणि दुसरी स्टेज बघायचा बेत तिथेच बुडाला. यात कुणाची चूक नाही, घाटच तसा आहे. पण पूर्ण दिवसाच्या हिशेबात दहा-बारा मिनिटं पाहणं झालं, हे मनातून जात नाही.

स्वीडनची रॅली २०२२ पासून उत्तरेतल्या उमेओ शहरात असते. स्टॉकहोमहून विमानाने तासाभरात पोचता येतं. पास विकत घ्यावा लागतो, आणि थंडी खरोखर त्रास देते: फोनची बॅटरी खिशातच मान टाकते. बर्फाची हमी तिथेही शंभर टक्के नाही. बर्फ नाही म्हणून १९९० ची रॅली झालीच नाही, २०१६ मध्ये बऱ्याच स्टेज गाळाव्या लागल्या. म्हणून तर ती आधीच्या वेर्मलांड प्रांतातून उत्तरेला नेली.

पण तिथला रस्ता सपाट जंगलातला आहे. गाडी मोकळ्या जागी लावून झाडांमधून चालत जायचं, आणि हवं तेव्हा परत निघायचं. आम्ही सकाळी ब्रॅटबीची स्टेज पाहिली आणि दुपारी सार्शलीडेनच्या स्टेजला पोचलोसुद्धा. लोक शेकोटी पेटवून सॉसेज भाजत बसलेले. आम्ही त्याच निखाऱ्यांवर पुण्याहून आणलेल्या दशम्या गरम केल्या.

आणि गाड्या! गोठलेल्या मातीच्या रस्त्यावर सरासरी ताशी शंभराच्या पुढे. टायर अरुंद, प्रत्येकात ३८४ खिळे. गाडी दिसायच्या आधी ते खिळे बर्फ कुरतडत येतात तो आवाज कानावर पडतो. मग गाडी आडवी होऊन येते, मागचा कोपरा कडेच्या बर्फाच्या भिंतीला टेकवते आणि तिच्याच आधाराने वळते. भिंत गोठलेली असेल तर साथ देते, भुसभुशीत असेल तर गाडीला आत ओढून घेते. माझ्यासमोर एक गाडी अशीच रुतली आणि शेजारचे पंधरा-वीस प्रेक्षक धावत जाऊन तिला ढकलू लागले. मागे उरलेला बर्फाचा धुरळा बराच वेळ झाडांत तरंगत होता. २००४ मध्ये लोब जिंकेपर्यंत उत्तर युरोपाबाहेरचा कुणीही ही रॅली का जिंकू शकला नव्हता, ते त्या एका वळणावर मला समजलं.

मॉन्टेचं नाव मनात घर करून असेल तर माझ्या सांगण्यावरून सोडू नका. मात्र तुरिनीचा हट्ट धरू नका. गापच्या बाजूला मुक्काम करा, गाडी माथ्यावर न नेता पायथ्याच्या गावात तोंड बाहेर करून लावा, आणि तासभर चढायची तयारी ठेवा. बूट जलरोधक घ्या. उमेओला जाणार असाल तर राहायची जागा नोव्हेंबरच्या बरीच आधी ठरवा. आम्ही नोव्हेंबरमध्ये शोधायला लागलो तेव्हा गावात खोली उरली नव्हती.