बेळगावच्या टिळकवाडीतला साहित्य-सिनेमा क्लास, नक्की जा

खानापूरहून बसनं चार रविवार गेलो, पैसे वसूल झाले बघा. आधी कादंबरी वाचून यायचं, मग पिक्चर, मग चर्चा. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची 'बनगरवाडी' आणि अमोल पालेकरांचा १९९५ चा सिनेमा ह्यावरच दोन रविवार गेले, कारण पुस्तकात मास्तर स्वतः 'मी' म्हणून सांगतो आणि कॅमेऱ्याला तसं 'मी' म्हणता येत नाही, मग कोणाच्या नजरेतनं दाखवायचं? सरांनी पुस्तकाचं पान उघडं ठेवून एकच सीन तीनदा थांबवून दाखवला, लई भारी वाटलं. स्पीकर मात्र खरखरतो, मागं बसलं की डायलॉग कळत नाहीत, तेवढा बदला. कन्नड मीडियमची दोन पोरंपण येतात, त्यांनाही न कंटाळता समजावतात.