नऊ महिने सोनी झेडव्ही-१: माजघरातला अंधार आणि अंगणातलं ऊन

गेल्या डिसेंबरात पुण्याहून सोनीचा झेडव्ही-१ घेतला. तेव्हापासून परवाच्या गणपतीपर्यंत तो जवळजवळ रोज हातात आहे. मॉडेल २०२० चं, म्हणजे नवं नाही. तरी घरातले फोटो आणि व्हिडिओ यांसाठी छोटा कॅमेरा शोधणाऱ्यांना माझा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं.

आमचं घर राजापूर तालुक्यात, कौलारू. ओटीवर लख्ख उजेड आणि माजघरात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. फोनवर माजघरात व्हिडिओ काढला की सासूबाईंचा चेहरा मेणाचा केल्यासारखा गुळगुळीत दिसायचा, सुरकुत्या सगळ्या पुसलेल्या. मला त्या सुरकुत्याच हव्या होत्या. म्हणून कॅमेरा बघताना मेगापिक्सेल बाजूला ठेवले आणि सेन्सर नि लेन्स बघितली.

याचा सेन्सर एक इंची म्हणवतो, पण पट्टीने मोजायचा तर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. ‘एक इंच’ हे नाव जुन्या कॅमेरा-ट्यूबच्या काळातून आलंय. तरीही साध्या छोट्या कॅमेऱ्यांतल्या १/२.३ इंची सेन्सरच्या चौपट क्षेत्रफळ आहे. लेन्स २४ (वाइड) ते ७० मिलिमीटर (झूम), एफ १.८ ते २.८; एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त. माझं मन सोनीच्याच आरएक्स१०० च्या सातव्या मॉडेलवरही होतं, कारण त्याचा झूम थेट २०० पर्यंत जातो. पण त्याची लेन्स सुरूच होते एफ २.८ पासून. म्हणजे वाइडला या लेन्सच्या निम्म्याहूनही कमी प्रकाश आत येणार. आमच्या माजघरात ते परवडलं नसतं. कॅननचा जी७ एक्स मार्क ३ ही चांगला वाटला, पण त्याचा ऑटोफोकस फक्त कॉन्ट्रास्टवर चालतो, म्हणजे पुढेमागे सरकत चाचपून फोकस शोधतो. हलत्या माणसाच्या व्हिडिओसाठी मला फेज डिटेक्शन, म्हणजे फोकस कुठे न्यायचा ते थेट ओळखणारी पद्धत, हवी होती.

कॅमेऱ्याचा खरा कस लागला एप्रिल-मेमध्ये. आंबा काढणी, आढी लावणं, साठं घालणं, सगळं उन्हातलं काम. सासूबाई ताटाला तूप लावून त्यावर रस ओततात आणि ताट दोन्ही हातांनी हळूहळू फिरवतात, रस कडेपर्यंत सारखा पसरेपर्यंत. ते फिरणं व्हिडिओत सलग दिसायचं तर शटर १/५० सेकंदाच्या आसपास हवं, नाहीतर हाताची हालचाल तुटक दिसते. पण भर उन्हात १/५० ठेवलं, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १२५ वर आणला आणि छिद्र एफ ११ पर्यंत मिटवलं तरी चित्र पांढरं पडतं, आणि ही लेन्स त्याहून जास्त मिटत नाही. इथे आतला एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काळसर काच, कामाला येतो. तो तीन स्टॉपचा आहे, म्हणजे प्रकाशाचा आठवाच भाग आत सोडतो. एक बटण दाबलं की झालं, लेन्सवर काही चढवायला नको. आमच्यासारख्या उन्हाच्या मुलखात व्हिडिओ करणाऱ्याने हा फिल्टर नसलेला छोटा कॅमेरा घेऊच नये, असं माझं ठाम मत झालंय. त्या आरएक्स१०० मध्ये तो नाही.

शटरचीच आणखी एक गोष्ट. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/६० वर राहिलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या एलईडीखाली व्हिडिओभर काळे पट्टे सरकत होते. कॅमेरा पाल या आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीवर घेतला, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं, पट्टे गेले. कॅमेरा हातात आला की पहिल्याच दिवशी हे सेटिंग करून टाका.

आवाजाने मात्र मला जिंकलं. वरच्या बाजूला तीन कॅप्सूलचा माइक आहे आणि त्यावर बसवायची केसाळ टोपी खोक्यातच मिळते. जूनमध्ये पडवीत बसून पाऊस रेकॉर्ड केला. कौलांवरचा पाऊस वेगळा, पन्हळीतून दगडावर पडणारी धार वेगळी, दोन्ही स्पष्ट. दोहाला असलेल्या नणंदेने ती क्लिप तीनदा ऐकली आणि मग फोन करून बराच वेळ घराबद्दल बोलत राहिली.

आता उणिवा. व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळे उन्हात स्क्रीनवर हाताची सावली धरावी लागते. झूम ७० ला संपतो, माडाच्या शेंड्यावरचा धनेश ठिपक्याएवढाच येतो. चालत शूट करताना हादरे कमी करणारं ॲक्टिव्ह स्टेबिलायझेशन लावलं की चौकट आत सरकते, म्हणून सेल्फी काढायला हात पुरत नाही. ४के मध्ये लांबलचक शूट करायचं असेल तर मेनूत तापमानाची मर्यादा ‘हाय’ करून ठेवा, नाहीतर कॅमेरा तापून लवकर बंद होतो. बॅटरी छोटी, कंपनीच्याच हिशेबाने २६० फोटोंची. मला दुकानदाराने जोडीला एक स्वस्तातली बॅटरी गळ्यात मारली, ती दोन महिन्यांत फुगली. पैसे गेलेच, शिवाय ती खाचेत अडकून बसली असती तर कॅमेराही गेला असता. दुसरी बॅटरी घ्याल तर अस्सलच घ्या. चार्जिंग मायक्रो यूएसबीने होतं, ती जुनी वायर जपून ठेवावी लागते.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात कॅमेरा कापडी पिशवीत ठेवू नये, लेन्सला बुरशी धरते. मी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. रंग बदलणारे दाणे घेतले की ओल कधी भरली ते कळतं, मग मंद तव्यावर सुकवून परत वापरता येतात.

गणपतीत रात्रीच्या आरतीला मुद्दाम माजघरातला दिवा बंद ठेवला. समया आणि निरांजन, एवढाच उजेड. एफ १.८, १/५०, आयएसओ ३२००. अंधाऱ्या कोपऱ्यांत चित्र दाणेदार दिसतं, तेवढं मला चालतं. व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर न ठेवता हाताने ठरवला, म्हणून ज्योतीचा पिवळेपणा टिकला. फोकस आरतीच्या ताटाकडून सासूबाईंच्या चेहऱ्यावर आपोआप गेला आणि तिथेच राहिला. डोळे मिटून त्या टाळ्या वाजवतायत, आणि कपाळावरची एकेक सुरकुती दिसतेय.