अथेन्सहून भाड्याची यॉट: जुलै-ऑगस्टमध्ये सारोनिक आखातच घ्या

अथेन्सच्या अलिमोस मरिनातून शिडाची यॉट आठवड्याच्या भाड्याने मिळते. शनिवारी संध्याकाळी ताबा, पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी बोट परत धक्क्याला. चाळीस फुटी, तीन केबिनची बोट सहा जणांना पुरते. स्किपरला (बोट चालवणाऱ्याला) परवाना लागतो आणि सोबत बोटीवरच्या कामाचा अनुभव असलेला दुसरा माणूसही. परवाना नसेल तर स्किपरही भाड्याने घ्यावा.

जाहिरातीत फोटो सायक्लेड्स बेटांचे असतात. पण भर उन्हाळ्यात तिथे मेल्तेमी वाहतो: आभाळ निरभ्र आणि उत्तरेचा जोरदार वारा, ब्यूफोर्ट मापावर 6-7, कधी कधी दिवसेंदिवस. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो, परतताना तोंडावर, आणि शुक्रवारची मुदत तर टळत नाही. अथेन्सलगतचं सारोनिक आखात बरंच आडोशाला आहे. अलिमोस ते एजिना बेट जेमतेम 17 सागरी मैल. नवख्यांनी एजिना, पोरोस, इद्रा एवढीच बेटं करावीत.

ताबा घेताना गाद्या-भांडी नंतर मोजा, आधी नांगर पाहा. साखळी किती मीटर आहे, तिच्यावरच्या लांबीच्या खुणा पुसल्या आहेत का, ते विचारा. विंडलास (नांगर वर-खाली करणारं विजेचं यंत्र) इंजिन सुरू ठेवूनच चालवा. नाहीतर बॅटरीचं व्होल्टेज पडतं, ब्रेकर उडतो. तो ब्रेकर कुठे आहे तेही बघून ठेवा.

बंदरात बोट पाठीमागून धक्क्याला लावायची असते. नांगर बोटीच्या तीन-चार लांबी आधी टाका, साखळी सोडत रिव्हर्स या, निदान खोलीच्या चौपट साखळी बाहेर हवी. बहुतेक जण नांगर फार जवळ टाकतात. मग आडवा वारा आला की तो घसरतो आणि बोट शेजारच्यावर जाते.

इद्राचं बंदर चिमुकलं, त्यामुळे सकाळी साखळ्या हमखास एकमेकींत अडकतात. घाबरू नका. दुसऱ्याची साखळी आपल्या नांगरावर पाण्याबाहेर आली, की तिच्याखालून दोर घेऊन दोन्ही टोकं क्लीटला (बोटीवरच्या दोर बांधायच्या खुंटीला) बांधा. आपला नांगर मीटरभर खाली सोडा, तो सुटतो. मग दोराचं एक टोक मोकळं करा. ती साखळी आपोआप खाली जाते. नांगरावरची साखळी हाताने मात्र काढू नये, बोटं चिरडतात.

दुपारी दोननंतर इद्राला जागा मिळेल या भरवशावर राहू नका. भरलं असेल तर जवळच्या मांद्राकी खाडीत थांबा. तिथून बंदरात जायला वॉटर टॅक्सी मिळते.