दोन तोंडांचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर: एका पावसाळ्यानंतर

मत्स्यालयाच्या टाकीत बुडबुड्यांच्या जोरावर पाणी स्पंजातून ओढणाऱ्या स्पंज फिल्टरला पाचपैकी पाच, त्याला हवा देणाऱ्या पंपाला साडेतीन, आणि पंपाच्या खोक्यात फुकट येणाऱ्या नॉन-रिटर्न (एकाच दिशेने हवा सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला भोपळा. टाकी पन्नास लिटरची. जावा मॉस आणि अनुबियास ही पाणझाडं, चेरी श्रिंप म्हणजे इवल्या लाल कोळंब्या. झाडांसाठी वेगळा कार्बन डायऑक्साइड सोडत नाही.

भोपळ्याचं कारण आधी. गोव्यात जून ते चवथ (गणेशचतुर्थी) वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. वीज गेली की नळीतला दाब सुटतो, पाणी नळीत चढतं, आणि पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर सायफन होऊन थेट पंपात उतरतं. ते अडवायला हा व्हॉल्व्ह. पण त्याची आतली रबरी चकती कडक होते, तिच्यावर क्षार बसतात, मग ती नीट बंद होत नाही. इथेही तेच झालं, पाणी पंपात उतरलं. पंप बदलून मागितला तर दुकानदार म्हणतो, वॉरंटी मोटरला आहे. अहो, या पंपात मोटर असतेच कुठे? कॉइल, चुंबक आणि हवा ढकलणारा रबरी पडदा म्हणजे डायफ्रॅम, संपलं. शेवटी डायफ्रॅम सुटा आणून बसवला.

तेव्हा व्हॉल्व्ह वेगळा, चांगला घ्या आणि बसवण्याआधी तोंडाने फुंकून बघा: एका बाजूने हवा सहज गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने गाल फुगले पाहिजेत. हवा जाते ती दिशा टाकीकडे. वर्षाला एक बदला. शक्य असेल तर पंपच टाकीच्या वर, फळीवर ठेवा.

आवाजासाठी सुरुवातीला पंपाला तीनच दिले होते, अर्धा आता परत देतो. घरघर पंपाची नव्हती, चोंदलेल्या एअर स्टोनची (नळीच्या टोकाला लावायच्या सच्छिद्र दगडाची) होती. हवा जास्त वाटली तर नळी चिमटू नका, उलट्या दाबाने डायफ्रॅम लवकर फाटतो. नळीला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून जादा हवा बाहेर सोडा. स्टोन फिल्टरच्या उभ्या नळीत टाकला की बुडबुडे बारीक होतात, गुडगुड कमी होते आणि पाणी जास्त उचललं जातं.

ऑक्सिजन बुडबुड्यांतून फार मिळत नाही, हलत्या पृष्ठभागातून मिळतो. चोवीस अंशांना पाण्यात लिटरमागे साधारण ८.४ मिलिग्रॅम मावतो, तिशीत ७.५. मे महिन्यात टाकीवर पंखा लावून इथल्या दमट हवेत फारसं थंड होत नाही, म्हणून पृष्ठभाग हलता ठेवणं जास्त गरजेचं. रात्री झाडंही ऑक्सिजन ओढतात. पहाटे श्रिंप पृष्ठभागाशी गोळा झालेले दिसले तर हवा अपुरी समजा. फिल्टर एका कोपऱ्यात, नळीचं तोंड टाकीच्या लांबीकडे. समोरच्या कोपऱ्यात मॉस तपकिरी पडला तर तिथे प्रवाह पोचत नाही.

स्पंज इंचाला तीस छिद्रांचा घ्या. श्रिंपची पिल्लं आत ओढली जात नाहीत, उलट त्यावरचा जिवाणूंचा थर चरत बसतात. पिळायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाच्या क्लोरीनने पाणी साफ ठेवणारे हे जिवाणू मरतात. वीज बराच वेळ गेली आणि स्पंजला वास आला तर पिळून घेतल्याशिवाय पंप चालू करू नका.

पंप जेमतेम तीन-चार वॉट खातो, इन्व्हर्टरवर टाकायला हरकत नाही. मात्र स्क्वेअर वेव्ह (साध्या, स्वस्त) इन्व्हर्टरवर तो जास्त गुणगुणतो. आणि डायफ्रॅम सुटा मिळत नसेल तर हा पंप घेऊच नका.