पेठेत आणखी एक वर्ष, की गावची एसटी?

एमपीएससीच्या, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या, पूर्व परीक्षेचा (प्रिलिमचा) निकाल लागला की आठवड्याभरात तयारी करणाऱ्या पोरांचे फोन सुरू होतात. कोणाचा कट ऑफ दोन गुणांनी हुकलेला, कोणाची मेन्स (मुख्य परीक्षा) झालेली पण मुलाखतीच्या यादीत नाव नाही. प्रश्न मात्र तोच: "दादा, अजून एक वर्ष काढू का सरळ निघून येऊ?" मी लातूर जिल्ह्यातला. तयारीसाठी काही वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत काढून परत आलो, आता तालुक्याच्या एका पतसंस्थेत कर्जविभाग बघतो. माझा रूममेट मागे राहिला आणि आज मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी आहे. त्यामुळे दोन्हीकडचं जवळून बघायला मिळालंय. लोकांना वाटतं तसं त्याचं सगळं सोनं आणि माझी सगळी माती झालेली नाही.

या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले असतात. पुणे सोडायचं का, हा एक. परीक्षा सोडायची का, हा दुसरा. घरचे, मित्र आणि आपण स्वतःही दोन्ही एकाच दमात बोलतो, म्हणून ठरवताना जीव जातो. आधी ते सुटे करा. बरेच जण पुणे सोडून परीक्षा चालू ठेवू शकतात. आणि परीक्षा मनातून कधीच सुटली असूनही पुण्यात राहणारे किती आहेत, ते शास्त्री रस्त्यावरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर तासभर उभं राहिलं की कळतं.

खर्च

कॉट बेसिसवर जागा (खोलीतली एक खाट भाड्याने), मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, झेरॉक्स, चहा. ओढूनताणून महिन्याला दहा-बारा हजार लागतात, क्लासची फी वेगळी. वर्षाचे सव्वा लाख धरा. आमच्याकडे हा हिशोब सोयाबीनमध्ये होतो. क्विंटलला चार हजार भाव धरला तर सव्वा लाख म्हणजे एकतीस क्विंटल, म्हणजे कोरडवाहू चार एकरांची जवळजवळ सगळी रास, आणि त्यातून बी, खत, फवारणी, काढणीचा खर्च अजून वजा व्हायचाय. 2024-25 चा हमीभाव 4,892 रुपये होता, पण त्या भावाने घरचं किती माप झालं ते वडिलांना विचारा.

कोणाला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाही. घरात शिल्लक असेल आणि घरचे खुशीने देत असतील तर सव्वा लाख ही पोराच्या आयुष्यावर लावायला मोठी रक्कम नाही. पण पैसा कुठून येतो ते माहीत करून घ्या. सोनंतारण करायला आलेल्या माणसाला कारण विचारावं लागतं, फॉर्ममध्ये रकाना असतो. "पोरगं पुण्याला आहे" हे उत्तर मी काउंटरच्या अलीकडून ऐकतो. बहुतेक बाप पोराला ते सांगत नाहीत.

परतल्यावरचा पैसाही फार नसतो, हेही ऐकून ठेवा. तालुक्याच्या गावात नव्याने लागलेल्या पदवीधराला बारा-पंधरा हजार मिळाले तर नशीब. पण खोलीभाडं नाही, जेवण घरचं, आणि पहिल्या महिन्यापासून पैशाची दिशा उलटते. घरात तुमच्या शब्दाला वजन येतं ते याच्यामुळे.

"एक वर्ष" म्हणजे किती

इथे पेठेतला हिशोब सगळ्यात जास्त चुकतो. तुम्ही एक वर्ष म्हणता, आयोगाचं वर्ष वेगळं असतं. 5 एप्रिल 2020 ला व्हायची राज्यसेवेची (उपजिल्हाधिकारी वगैरे पदांची) पूर्व परीक्षा करोनामुळे पुढे ढकलत ढकलत 21 मार्च 2021 ला झाली. त्याच्या आधी 14 मार्चची तारीख तीन दिवस अगोदर रद्द झाली तेव्हा पोरं रस्त्यावर उतरली होती. 2024 मध्ये 25 ऑगस्टची परीक्षा बँकभरतीच्या आयबीपीएस परीक्षेशी आडवी आली, पुन्हा शास्त्री रस्त्यावर ठिय्या झाला, आणि पेपर 1 डिसेंबरला झाला. निवड झाल्यावर तरी सुटका? जून 2020 मध्ये ज्यांचे निकाल लागले, त्यांना आरक्षणाच्या कोर्टकचेरीत नियुक्तीसाठी वर्षाहून जास्त थांबावं लागलं. निवड झालेली पोरं शेतात राबत होती.

तेव्हा जाहिरात ते नियुक्ती धरायची तर एका वर्षाऐवजी दीड-दोन वर्षं मनात धरा. एवढं धरूनही "हो" येत असेल, तर ते खरं "हो".

परतणाऱ्याचंही एक घड्याळ असतं. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागास प्रवर्गाला 43 आहे. ऐकायला बरं वाटतं. पण पोलीस उपनिरीक्षकाला ती 31 आणि 34 वर संपते, आणि खासगी कंपनीच्या एचआरसमोर तर त्याच्याही आधी. चोविसाव्या वर्षी "दोन वर्षं तयारी केली" म्हटलं तर समोरचा मान डोलावतो, एकोणतिसाव्या वर्षी पुढचा प्रश्न विचारतो. आयोगाची मर्यादा एवढी लांब आहे म्हणून आपल्याकडे वेळ आहे, असं पुष्कळांना वाटत राहतं.

दिवस कसा जातो

पेठेतला दिवस मला अजून आवडतो, खोटं कशाला बोलू. सकाळी सातला अभ्यासिकेची जागा, मध्ये पोहे, दुपारी मेसची पातळ आमटी, संध्याकाळी कट ऑफचे अंदाज. तिथे सगळ्यात मोठा आराम असा की "काय करतोस?" हा प्रश्न कोणी विचारत नाही. सगळे तेच करत असतात. गावात जो प्रश्न एसटी स्टँडवर उतरल्या उतरल्या येतो, त्याच्यापासून तुम्ही सुटलेले असता. हा आराम लपायलाही उत्तम आहे. तीन तास अभ्यास आणि पाच तास अभ्यासाबद्दल बोलणं असा दिवस गेला तरी रात्री अंग दमलेलं असतं, आणि दमलं म्हणजे काम झालं असं वाटतं. पंधरा दिवस रोज रात्री वहीत फक्त खरे तास लिहा, कोणाला दाखवू नका. निर्णयाला माझ्या सल्ल्यापेक्षा त्या वहीचा उपयोग जास्त होईल.

गावातला दिवस सुरुवातीला कडू असतो. "काय साहेब, झालं का?" म्हणणारा चुलता असतोच. लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीत बसणं नको वाटतं. पहिले सहा महिने मी मागच्या दारानं ये-जा केली म्हणा ना. पण कामाचा दिवस संपतो, ही गोष्ट पेठेत विसरायला झालेली असते. साडेपाचला शटर खाली आलं की त्या दिवसाचं देणं फिटतं. अभ्यासाचा दिवस कधीच फिटत नाही, झोपतानाही काहीतरी राहिलेलं असतं.

आणि एक गोष्ट परतल्यावरच कळली. मला अधिकारी व्हायचं होतं म्हणजे नक्की काय हवं होतं? माझ्या टेबलावर माणसाचं अडलेलं काम मार्गी लागावं, एवढंच. सातबारा उलगडायचा, त्यातल्या 'इतर हक्क' रकान्यातला कर्जाचा बोजा बघायचा, समोरचा फेडेल की नाही याचा अंदाज घ्यायचा, आणि योग्य माणसाला पेरणीच्या आधी पैसे मिळवून द्यायचे: यात तो हव्यास बऱ्यापैकी भागतो. मान तेवढा मिळत नाही. पगार तर नाहीच.

रूममेटचं उलट झालं. त्याला खाकी हवी होती, पहाटे पर्वतीवर धावायला जायचा. मिळाली फाईल. दिवसभर नस्ती, टिपणी, परिच्छेद क्रमांक. त्याच्या टेबलापर्यंत सामान्य माणूस क्वचितच पोहोचतो. आणि त्याला ते मानवलं! शासन निर्णयातला एक चुकीचा "किंवा" पकडला की त्याचा फोन येतो. हे त्याच्या आत होतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं, मला तर स्वप्नातही वाटलं नसतं.

एक छोटी परीक्षा, आयोगाशिवायची

कागदावर चार पदं लिहा. उपजिल्हाधिकारी, मूळ वेतनाची सुरुवात 56,100. राज्य कर निरीक्षक किंवा सहायक कक्ष अधिकारी, 38,600. तलाठी, 25,500. लिपिक-टंकलेखक, 19,900. उद्या सकाळी नियुक्तीचं पत्र आलं तर यातलं कुठपर्यंत घ्याल? वडिलांना काय वाटेल, गावातल्या बॅनरवर काय छापतील, हे बाजूला ठेवून.

चारही घेईन असं उत्तर आलं, तर तुम्हाला सरकारी नोकरीचं स्थैर्य हवंय. मग राज्यसेवेच्या नावावर पुण्यात बसण्यापेक्षा गट क (लिपिकासारखी पदं) आणि सरळसेवेकडे (खात्यांची थेट भरती) वळा. गर्दी तिथेही आहेच; 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागांना दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. पण तो अभ्यास गावच्या अभ्यासिकेत बसून होतो.

फक्त पहिलंच घेईन असं आलं, तर स्वतःला जरा टोचून विचारा की काम हवंय की थाट. साहेबांच्या गाड्यांवरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून उतरले, पण पुष्कळांच्या स्वप्नातली गाडी अजून दिव्याचीच आहे.

पुण्याचा खरा उपयोग कोणाला

2025 पासून राज्यसेवेची मेन्स वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरं लिहायची. नऊ पेपर, त्यात निबंध आणि वैकल्पिक विषय. लेखीचे 1750 आणि मुलाखतीचे 275 गुण. हा बदल आणखी पुढे ढकला म्हणून 2023 च्या सुरुवातीला पुण्यात आंदोलन झालं आणि 2025 ची मुदत मिळाली. पर्याय निवडायचा अभ्यास कुठेही होतो. लिहिलेलं उत्तर मात्र कोणीतरी वाचून "यात मुद्दाच नाही" असं तोंडावर सांगावं लागतं. असा माणूस, असा गट पुण्यात मिळाला असेल तर तिथं राहण्याला अर्थ आहे. ऑनलाइन उत्तरं तपासून मिळतात, पण चार जणांनी एकमेकांची उत्तरं फाडण्याची सर त्याला नाही. असा गट नसेल तर तुम्ही फक्त टेबल-खुर्चीचं भाडं भरताय, आणि टेबल-खुर्ची उदगीरलाही मिळते.

माझं मत विचाराल तर असं: प्रिलिम निघालेली आहे, मेन्स थोड्या गुणांनी गेली आहे, उत्तरं तपासणारं कोणी आहे आणि घरचा पैसा कर्जाचा नाही, तर आणखी एक खेप जरूर द्या. सलग दोनदा प्रिलिमलाच अडकला असाल तर खोली सोडा. परीक्षा सोडा असं म्हणत नाही, खोली सोडा. नोकरी धरून सकाळचे तीन तास अभ्यास करता येतो. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या प्रशिक्षण योजनांत तुम्ही बसत असाल तर विद्यावेतनावर राहण्याची वाट निघू शकते. त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा. नोकरी करत पास होणारे कमी असतात हे खरं आहे, पण नापास झाल्यावर त्यांच्या हातात काहीतरी उरतं.

मुलींचा हिशोब वेगळा

वरचं सगळं मी मुलगा म्हणून लिहिलंय. फोन करणाऱ्या मुली "परत जाऊ का" विचारतात तेव्हा त्यात तिसराच प्रश्न असतो: परतलं की स्थळं सुरू होतात. माझ्यासाठी परतणं म्हणजे चुलत्याचे टोमणे होते, तिच्यासाठी पुढच्या दिवाळीपर्यंत लग्न असू शकतं. म्हणून कट ऑफच्या जवळपास नसलेली मुलगीही पुण्यात टिकून राहते, आणि तिचं तसं करणं मला शहाणपणाचं वाटतं. फक्त ती वर्षं एकाच परीक्षेवर लावू नका. पुण्यातच एखादी नोकरी धरा, मग ती कॉल सेंटरची असो नाहीतर क्लासमध्ये पेपर तपासायची. स्वतःच्या पगारावर पुण्यात राहणाऱ्या मुलीला घरून "आता ये" म्हणणं अवघड जातं. घरून पैसे येत असतील तर तो फोन कधीही येऊ शकतो.

निघायचं ठरलंच तर खोलीमालकाला महिनाभर आधी सांगा, नाहीतर डिपॉझिट अडकतं. घरी मात्र आधी आईला सांगा. वडिलांपर्यंत ते तिच्या पद्धतीने पोहोचेल. अभ्यासिकेची फी पुढच्या महिन्याची भरू नका. पुस्तकं अप्पा बळवंत चौकात अर्ध्याहून कमी किमतीत जातात आणि चालू घडामोडींच्या जुन्या अंकांना रद्दीचाच भाव मिळतो, तेव्हा घासाघीस करत बसू नका. हाताने काढलेल्या नोट्स तेवढ्या बॅगेत घाला. सरळसेवेच्या पेपरला त्या लागतात.