पक्क्या बिलाचा कूलर: सक्करदऱ्यातील एका दुकानाचा अनुभव

यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नागपूरच्या सक्करदरा भागातील एका दुकानातून लोखंडी पत्र्याचा, १८ इंची पंख्याचा कूलर बनवून घेतला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, पार पडून मृगाच्या पहिल्या सरी येईपर्यंत तो रोज वापरला आणि त्यानंतरच हे लिहायला बसले आहे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मालकांनी आपल्या धंद्याचे आकडे माझ्यापुढे मोकळेपणाने मांडले आणि ते नावासह लिहिणे मला उचित वाटत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवून निवृत्त झालेली असल्यामुळे कूलरच्या हवेइतकेच त्याचे बिलही मी बारकाईने पाहिले. खरे सांगायचे तर या परीक्षणातील मोठा भाग त्या बिलाविषयीच आहे.

आधी कूलरबद्दल सांगते. पत्रा २२ गेजचा असून त्यावर पावडर कोटिंग आहे, मोटार तांब्याच्या वाइंडिंगची आहे आणि तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या आहेत. मे महिन्यात, बाहेर अंगाची लाही होत असताना, आमची १२ बाय १४ ची खोली पाऊण तासात बसण्याजोगी होत असे. रात्री पंखा संथ गतीवर ठेवल्यास आवाजाचा त्रास होत नाही, मात्र पूर्ण गतीवर दूरदर्शनचा आवाज वाढवावा लागतो. टाकी सहा तासांत रिकामी होते आणि नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत ही बाब आधी विचारात घ्यायला हवी. स्टँडची चाके कमकुवत आहेत. भरलेल्या टाकीसह कूलर सरकवू नये, असे मी घरातल्या सर्वांना बजावून ठेवले आहे.

आता किमतीकडे वळते. कूलरची मूळ किंमत ९,००० रुपये, त्यावर केंद्राचा वस्तू व सेवा कर (जीएसटी) ९ टक्के म्हणजे ८१० रुपये, राज्याचा तितकाच, म्हणजे आणखी ८१० रुपये, असे एकूण १०,६२० रुपये मी दिले. त्याच रस्त्यावरील दुसऱ्या एका दुकानात जवळजवळ तसाच कूलर ९,८०० रुपयांना मिळत होता, पण अट अशी होती की बिल मिळणार नाही. बरोबर आलेल्या माझ्या भाच्याचा प्रश्न स्वाभाविक होता: ‘‘मावशी, ८२० रुपये जास्त कशासाठी द्यायचे?’’ त्याला तेथे उभ्याउभ्या जे समजावले, तेच येथे थोडे सविस्तर मांडते.

बिल न घेतल्यास संपूर्ण १८ टक्के वाचतात, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. आमच्या कूलरला लागलेला पत्रा, अँगल, मोटार, पंप आणि इतर सामान मिळून सुमारे ६,००० रुपयांचे होते, असे मालकांनी सांगितले. हिशेब सोपा व्हावा म्हणून या सर्व मालावर १८ टक्के कर धरू. तो १,०८० रुपये होतो आणि माल विकत घेतानाच दुकानदार तो चुकता करतो. मजुरी, जागेचे भाडे आणि नफा मिळून ३,००० रुपये धरले की ९,००० ही किंमत तयार होते. माझ्याकडून १,६२० रुपये कर घेतल्यावर दुकानदार त्यातून आधी भरलेले १,०८० रुपये वजा करतो आणि उरलेले ५४० रुपये सरकारजमा करतो. म्हणजे सरकारला मिळणारे १,६२० रुपये एका जागी गोळा होत नाहीत. पत्र्याच्या व्यापाऱ्यापासून माझ्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर त्याचा थोडा थोडा भाग जमा होत येतो.

विनाबिल विकणाऱ्याला ही वजावट मिळत नाही, कारण विक्रीच दाखवलेली नसते. त्याने माल कर देऊन घेतला असेल तर तो त्याला ७,०८० रुपयांना पडतो आणि तेवढीच मजुरी व नफा धरल्यास त्याचा कूलर १०,०८० रुपयांचा होतो. तो ९,८०० रुपयांना देत असेल, तर एकतर त्याने आपला नफा २८० रुपयांनी कमी केला आहे किंवा त्याचा काही मालही विनाबिल आलेला आहे. ग्राहक मात्र १,६२० रुपये वाचवल्याच्या समाधानात घरी जातो. प्रत्यक्षात माल कर देऊन घेतलेला असेल, तर या व्यवहारात कराची बचत ५४० रुपयांचीच असते आणि तिच्या बदल्यात तो हमी गमावतो.

आमच्या बाबतीत ही हमी २ मे रोजी कामाला आली. भर उन्हाळ्यात पंप बंद पडला. मी बिलाचा क्रमांक दूरध्वनीवर सांगितला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कारागीर नवा पंप बसवून गेला. त्याबद्दल त्यांनी एकही रुपया घेतला नाही. हमीच्या मुदतीत बदलून दिलेल्या भागाचा मोबदला घेतला नाही, तर त्यावर ग्राहकाकडून वेगळा करही घ्यायचा नसतो, हे मालकांना नीट ठाऊक होते. पावणेदोन महिन्यांत पंप बंद पडावा, ही उणीव मी उणीव म्हणूनच नोंदवते. ती चोवीस तासांत दूर झाली, हेही त्याच ओळीत नोंदवते. बिल मागूनही न देणे हा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेचा भाग आहे, याची जाणीव ग्राहकांना असायला हवी.

येथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण अर्धवट माहितीमुळे प्रामाणिक लहान दुकानदारांवर अन्याय होतो. जीएसटी न लावणारे प्रत्येक दुकान कर बुडवणारे नसते. केवळ वस्तू विकणाऱ्या व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात त्याला सामान्यतः नोंदणीची सक्ती नाही. तो साधे बिल देईल आणि त्यात कराची ओळ नसेल. उलाढाल दीड कोटीपर्यंत असणारा उत्पादक किंवा व्यापारी आपसमेळ योजना, म्हणजे बाजारात सर्वजण म्हणतात ती कंपोझिशन, घेऊ शकतो. त्याने उलाढालीच्या १ टक्का कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, ग्राहकाकडून कर म्हणून काहीही घ्यायचे नसते आणि तशी पाटी दुकानात लावायची असते.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः नेमक्या याच बाबतीत फसले. शहरातील एका दुकानातून घेतलेल्या मिक्सरच्या बिलावर १८ टक्के कर स्वतंत्र दाखवला होता आणि खाली १५ अक्षरांचा क्रमांकही होता. बरेच दिवसांनी तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासला, तेव्हा दुकानदार कंपोझिशन योजनेत असल्याचे दिसले. म्हणजे कराच्या नावाने घेतलेली रक्कम त्याला घेण्याचा अधिकारच नव्हता. कर म्हणून घेतलेला प्रत्येक रुपया सरकारजमा करणे कायद्याने बंधनकारक आहे, पण तसे झाले असेल यावर माझा विश्वास नाही. विनाबिल विक्रीपेक्षाही मला हा प्रकार अधिक गंभीर वाटतो, कारण येथे ग्राहकाने कर दिलेला असतो आणि तरीही तो सार्वजनिक तिजोरीत पोहोचत नाही. म्हणून या वेळी पैसे देण्यापूर्वीच मी क्रमांक तपासला. महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरे पॅनची असतात; शोधायला दोन मिनिटेही लागत नाहीत. मालकांनी त्याबद्दल नाराजी दाखवली नाही, उलट भिंतीवर लावलेले नोंदणी प्रमाणपत्र दाखवले.

इतक्या लहान दुकानाने नियमित नोंदणी का घेतली, असे मी विचारले. उत्तर नागपूरच्या भूगोलात होते. त्यांच्याकडून छिंदवाडा आणि बालाघाटचे दुकानदार कूलर नेतात. परराज्यात माल विकणाऱ्याला कंपोझिशन योजना घेता येत नाही आणि ४० लाखांची सवलतही मिळत नाही. पहिल्याच विक्रीपासून नोंदणी करावी लागते. त्या विक्रीवर १८ टक्के एकात्मिक कर, म्हणजे केंद्र व राज्य मिळून एकच कर, लागतो आणि हा कर वस्तू जेथे वापरली जाते तेथील असल्यामुळे त्यातील राज्याचा हिस्सा मध्य प्रदेशाला जातो. सीमेपासून दीड-दोन तासांवर असलेल्या आपल्या शहरातील लहान उद्योगांना हा नियम पुण्यातील उद्योगांपेक्षा अधिक जाणवत असणार.

‘‘ताई, कर द्यायला नाही म्हणत नाही, पण पैसा अडकतो,’’ हे त्यांचे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. कूलरचा माल दिवाळीनंतर भरायला सुरुवात होते आणि विक्री होते मार्च ते मे या काळात. ३०० कूलरचा माल घेतला तर माझ्या वरच्या हिशेबाने ३,२४,००० रुपये केवळ करापोटी आधी जातात. ती रक्कम वजावटीच्या खात्यात दिसते, पण विक्री होईपर्यंत हाती येत नाही. पुढे दुकानदारांना उधारीवर माल दिला, की बिल फाडल्याच्या पुढच्याच महिन्यात कर भरावा लागतो आणि उधारी मात्र मृग लागल्यावर वसूल होते. पत्र्याच्या व्यापाऱ्याने आपले विवरणपत्र वेळेवर भरले नाही, तर यांची वजावटही थांबते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून करदरांत मोठा बदल झाला. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ संपले आणि बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आले आणि आमच्या महिन्याच्या किराण्यात त्याचा फरक दिसतो. वातानुकूलन यंत्र २८ वरून १८ टक्क्यांवर आले. ३०,००० रुपये मूळ किमतीचे यंत्र ३८,४०० ऐवजी ३५,४०० रुपयांना मिळू लागले. कूलर मात्र होता तेथेच, १८ टक्क्यांवर राहिला. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, तेथे कूलर ही चैन नाही. सामान्य घराला परवडणारी ती एकमेव थंड हवा आहे आणि आता तिच्यावर वातानुकूलन यंत्राइतकाच दर आहे. हे मला पटत नाही. कूलरवर ५ टक्के कर असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मालकांनी मात्र यातील अडचण दाखवली. कूलरवर ५ टक्के झाले आणि पत्रा व मोटारीवर १८ टक्केच राहिले, तर ९,००० रुपयांच्या कूलरवर ते ४५० रुपये गोळा करतील आणि त्यांनी आधी भरलेले असतील १,०८०. उरलेले ६३० रुपये परताव्याने मिळण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी अर्ज, कागदपत्रे आणि प्रतीक्षा आली. मी विचार केला आणि तरीही माझे मत बदलले नाही. ग्राहकाला कूलर १०,६२० ऐवजी ९,४५० रुपयांना पडेल. १,१७० रुपये ही मजुरी करणाऱ्या कुटुंबासाठी लहान रक्कम नाही. परतावा वेळेत देण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी.

वीज हा कूलरचा दुसरा खर्च. विजेवर जीएसटी नाही, पण महाराष्ट्रात घरगुती वापरावर राज्याचे १६ टक्के वीजशुल्क आहे. तेव्हा कूलरवरील कर खरेदीच्या दिवशी संपत नाही.

माझे १,६२० रुपये कोठे गेले, हे भाच्याने परतताना विचारले. निम्मे केंद्राला, निम्मे राज्याला. केंद्राच्या विभाज्य निधीतून, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायच्या करातून, ४१ टक्के पुन्हा राज्यांमध्ये वाटले जातात. महापालिकेचा संबंध त्याला माहीत नव्हता. पूर्वी शहराच्या वेशीवरील जकात नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत आणि तोच महापालिकेचा मोठा आधार होता. १ एप्रिल २०१३ पासून नागपुरात जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतील उलाढालीवर तो बंद झाला आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर उरलेलाही गेला. तेव्हापासून राज्य शासन महापालिकेला भरपाई देते. आमच्या गल्लीतील दिवे आणि गडरलाइनचा (सांडपाण्याच्या वाहिनीचा) खर्च आज बऱ्याच अंशी त्या भरपाईवर चालतो, म्हणून सक्करदऱ्यात फाडलेल्या बिलाचा सक्करदऱ्याच्या रस्त्याशी संबंध आहे.

दुकानाबद्दलची माझी एक तक्रार उरते. कूलर घरपोच करण्याचे ३०० रुपये टेम्पोवाल्याने रोख घेतले आणि ते बिलात नव्हते. विक्रेता स्वतः माल पोहोचवून त्याचे पैसे घेत असेल, तर ती रक्कमही विक्रीमूल्यात धरायला हवी आणि तिच्यावरही १८ टक्के कर लागतो. इतके चोख बिल देणाऱ्या दुकानात ही फट मला खटकली आणि पंप बदलायला आलेल्या कारागिराजवळ मी मालकांच्या नावे तशी चिठ्ठी पाठवली. मे महिन्याच्या शेवटी आमच्या शेजारणीने त्याच दुकानातून कूलर घेतला आणि मला बिल दाखवायला आणले. त्यात पोहोच खर्च ३०० रुपये आणि त्यावरील कर ५४ रुपये वेगळ्या ओळीत लिहिलेले होते.