‘गेट कार्टर’ की ‘द लायमी’: एकच सूडपट बघायचा असेल तर

दोन्हींची गोष्ट जवळपास एकच. जवळच्या माणसाच्या मृत्यूचा छडा लावायला लंडनचा मुरलेला गुन्हेगार दुसऱ्या शहरात जातो. माइक हॉजेसच्या ‘गेट कार्टर’मध्ये (१९७१, ११२ मिनिटं) मायकल केन भावासाठी न्यूकॅसलला, तर स्टीव्हन सोडरबर्गच्या ‘द लायमी’त (१९९९, ८९ मिनिटं) टेरेन्स स्टॅम्प मुलीसाठी लॉस एंजेलिसला.

‘गेट कार्टर’ संपल्यावर ‘एवढंच?’ वाटलं तर त्यात नवल नाही. कार्टरकडे आधी नुसता संशय असतो. भाऊ का मेला हे कळेपर्यंत तासभर उलटतो. म्हणजे सूडपटाचं इंधनच उशिरा मिळतं. तोवर तो दारं ठोठावतो, धमकावतो आणि नावांची गर्दी वाढत जाते. किनियर, ब्रम्बी, एरिक ही तीन लक्षात ठेवा, बाकीची सुटली तरी अडत नाही. केनचा चेहराही दगडी. डोळ्यांत पाणी येतं ते एकदाच. बायकांशी तो ज्या थंडपणे वागतो ते आज बघवत नाही, आणि चित्रपट त्याची सफाईही देत नाही.

‘लायमी’त पडदा काळा असतानाच स्टॅम्प मुलीबद्दल विचारतो. सूडाचं कारण पहिल्या क्षणाला हातात! अडचण संकलनाची: संवाद एका जागी सुरू होतो, दुसरीकडे चालू राहतो, मध्येच जुन्या आठवणी. त्यांच्यासाठी तरुण स्टॅम्पची १९६७च्या ‘पुअर काउ’ या चित्रपटातली खरी दृश्यं वापरलीत. मोबाइल चाळत बघाल तर धागा सुटणारच. गोदामातल्या गोळीबारात कॅमेरा बाहेरच थांबतो, आणि तरी तेच दृश्य डोक्यात राहतं.

सूड हवा असेल तर सरळ ‘लायमी’. पण शहर बघायला बसायची तयारी असेल तर ‘गेट कार्टर’ला तोड नाही. छायाचित्रकार सुशित्स्कीचा कॅमेरा माहितीपटांत तयार झालेला. चाळवजा घरं, पब, न्यूकॅसलला लागून असलेल्या गेट्सहेडचा तो काँक्रीटचा बहुमजली कार पार्क (२०१०मध्ये पाडला), कोळशाची माती समुद्रात ओतणाऱ्या बादल्या, सगळं खरं. रॉय बडच्या शीर्षकसंगीतात चक्क तबला आहे.

दोन्हींना इंग्रजी सबटायटल्स लावा. न्यूकॅसलची बोली आणि स्टॅम्पची कॉकनी (लंडनची बोली) कानाला जड जाते. आणि लावण्याआधी साल बघा: ‘गेट कार्टर’ याच नावाचा २०००चा सिल्वेस्टर स्टॅलोनवाला रीमेक सिएटलमध्ये घडतो.